हॉर्नची एकच रेघ

मित्रांनो, मी एक जुना हॉर्न आहे, शाळेच्या बसचा. कान झाकू नका, आता मी उगाच वाजत नाही. पण एके काळी माझा आवाज ऐकून कुत्रीसुद्धा शेपूट घालून पळत असत आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

कारखान्यात माझी चाचणी घेणाऱ्या कामगाराने कानांत कापूस कोंबला होता, तरी तो दचकला. "हा तर गाव डोक्यावर घेईल!" असे म्हणून त्याने मला खोक्यात टाकले. पुढे बसच्या तोंडाशी, जाळीमागे माझी नेमणूक झाली. माझे बटण मात्र आत, ड्रायव्हरकाकांच्या तळहाताखाली होते. त्यामुळे काकांच्या मनातले मला आधी कळे.

सुरुवातीला तो तळहात हलका आणि कोरडा असे. मग रस्त्यावर वाहने वाढली, बसच्या फेऱ्या वाढल्या आणि तळहाताला घाम येऊ लागला. सिग्नल हिरवा होण्याआधीच मी कोकलायचो. सायकलवाला, कचऱ्याची गाडी, रस्ता ओलांडणारे आजोबा, मी कुणालाच सोडले नाही. मला वाटे, केवढे हे माझे कर्तृत्व! बसमधली लहानगी कानांत बोटे घालून बसतात, याकडे मी खुशाल काणाडोळा करत असे.

शेवटी पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापकबाईंनी काकांना बजावले, "आठ दिवस बघते. फरक पडला नाही, तर बस दुसऱ्याकडे देईन." अठरा वर्षे चालवलेली बस! मुलांना घरी सोडून परतताना काका धुमसत होते. "लोकांना गाड्या चालवता येत नाहीत, आणि बोलणी मी खायची!" असे म्हणत त्यांनी मला सणसणीत दाबले.

मुलांची चढउतार बघणाऱ्या मावशी शेजारी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, पुढे कुणीच नाहीये."

काकांनी नीट पाहिले. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हते.

"मग मी वाजवला कुणावर?"

"ते तुमचं तुम्हीच शोधा."

काकांनी बस कडेला घेतली. इंजिन बंद करून ते म्हणाले, "किल्ली मीच कुठंतरी टाकतो. ती सापडत नाही म्हणून बायकोवर ओरडतो, चहा न पिता उशिरा निघतो, आणि राग काढतो रस्त्यावर." मित्रांनो, मला त्यांची फार कणव आली. आपली चूक अशी मोठ्याने सांगायला हिंमत लागते.

दुसऱ्या दिवसापासून नवा नेम सुरू झाला. मी वाजलो की मावशी खडूने काचेखालच्या काळ्या पट्टीवर एक रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, "कशासाठी?" काकांनी खरे उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी एकेचाळीस रेघा झाल्या. "चिडलो होतो," "घाई झाली होती," "सवयीनं," अशी उत्तरे ऐकून मुले खो-खो हसली. काकाही हसले. त्यांनी किल्लीसाठी दाराजवळ खिळा ठोकला, ते पंधरा मिनिटे आधी निघू लागले, आणि सिग्नलला हात सैल सोडून लांब श्वास घेऊ लागले. सातव्या दिवशी रेघा चारवर आल्या. मी मात्र रुसलो होतो. आता आपल्याला कोण विचारतो, असे वाटायचे.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाशी पोहोचलो, तोवर पट्टी कोरी होती. बाई फाटकातच उभ्या होत्या. पायी आलेली मुले भिंतीलगत रांगेत होती, आणि पाण्याचा एक टँकर मागे मागे येत थेट त्या रांगेकडे सरकत होता. टँकरवाल्याचे तिकडे लक्षच नव्हते.

काकांचा तळहात माझ्यावर आला. कोरडा, स्थिर. त्यांनी मला एकदाच दाबले आणि मी जीव तोडून ओरडलो! एरवी माझ्याकडे कुणी मान वळवत नसे. त्या दिवशी सगळ्या माना वळल्या. मुले बाजूला पळाली, टँकर भिंतीपासून दोन हातांवर थांबला.

मावशींनी रेघ ओढली आणि विचारले, "कशासाठी?"

काका उत्तर द्यायला वळले. पण त्यांच्या आधी अख्खी बस ओरडली, "मुलांसाठी!"

बाई दाराशी आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काका, बस तुमचीच." मुलांनी असा काही गलका केला, की माझाही आवाज फिका पडला. आणि माझी छाती अभिमानाने फुगली!

मित्रांनो, आता मला थोडा गंज चढला आहे, पण माझी काळजी करू नका. तुमचे डोके तापेल, ओरडावेसे वाटेल, तेव्हा आधी स्वतःला विचारा, "कशासाठी?" कारण खरोखर गरजेचे निघाले, तर बेलाशक ओरडा. सगळे ऐकतील.