कुशाबाईंनी खडूनं लिहिलेली ओळ

मी लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे, तेव्हा कपाटं शोधू नका. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहते. शिरूरला एसटी स्टँडमागं कुशाबाईंचं टेलरिंगचं दुकान आहे, तिथल्या भरतकामाच्या मशीनचं काम माझ्याकडं. प्रोग्राम मला सांगतो, अमुक रंगाचा दोरा, अमुक जागी टाका. ते मी सुईला समजावते. माझ्यावाचून सुई नुसती उभी. फुशारकी नाही, खरं ते सांगते.

सतरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत सत्यजीत नावाच्या इंजिनियरनं मला लिहिलं आणि कंपायलरमधून काढलं. माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो, तो कंपायलर. सत्यजीत हुशार, पण आळशी. माझ्याशी कसं बोलायचं याची दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा त्यानं ठेवली नाही. "माझ्या डोक्यात आहे की!" म्हणायचा. पुढं तो दुसऱ्या कंपनीत गेला, डोकंही त्याच्याबरोबरच गेलं. कंपनी बंद पडली, माझं मूळ लिखाण हरवलं. राहिले ती मी, एकदा घडली ती घडली, आता बदलता न येणारी. माणसांची ही खोड मला कळत नाही. लोणच्याच्या बरणीवर महिना लिहितात, आणि जन्मभर राबणारीवर काही नाही!

कुशाबाईंनी मशीन जुनं घेतलं, त्यात मी आले. बाई चौथी शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मशीनवर थाप मारली. "सरळ चालायचं. न्हाई तर भंगारात." मी घाबरले. मग बारा वर्षं ब्लाउजांवर मोर काढले, उशांवर गुलाब काढले, आणि एकदाही भंगाराचं नाव निघालं नाही.

यंदा जुना कॉम्प्युटर धूर काढून मेला. त्याच्या डिस्कवरून मला नव्यावर उतरवलं, पण जुना प्रोग्राम तिथं बसेना. कुशाबाईंची भाची सायली दौंडला असते, प्रोग्राम लिहिते. ती बॅग घेऊन आली आणि दोन दिवसांत तिनं नवा प्रोग्राम लिहिला. फक्त मला त्याच्याशी जोडायचं राहिलं होतं.

नेमकं तेव्हाच न्हावऱ्याच्या शाळेतली नीलम आली, मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान. बारा कोरे टी-शर्ट तिनं टेबलावर टाकले.

"काकू, पाठीवर आमची नावं पायजेत. मागल्या साली पोरांचे जुने टी-शर्ट घालून खेळलो. मी एवढी पकड केली, आन् माईकवाला वरडतोय, 'इंद्रजीतची जबरदस्त पकड!'"

सायली खो खो हसली. कुशाबाई हसल्या नाहीत.

"सामना कवा हाय?"

"रविवारी."

"औंदा तुझंच नाव वरडंल. माझा शब्द हाय."

तो दिवस शुक्रवार होता.

सायली मला जोडायला बसली, तर कॉम्प्युटर म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही. अहो, मी समोर बसलेय! पण प्रत्येक कंपायलर आतल्या कामांच्या नावांना आपापली शेपटं लावतो. तिचा नवा कंपायलर त्याच्या शेपटांनी मला शोधत होता, माझी शेपटं जुनी. सायलीनं माझी नावं उकरून काढली, यादी करून त्याच्या हातात दिली. जोडणी झाली. तिनं टाळी वाजवली, मीही मनातल्या मनात वाजवली.

मग चिंधीवर 'नीलम' काढायला घेतलं. दोरा सांगितला तसा निळाच आला, पण अक्षरांच्या जागी कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं झालं, आणि सुई मोडली. दुसरी सुई, तीच गत. शनिवार दुपार झाली.

"मावशी, माझा प्रोग्राम बरोबर आहे, लायब्ररीपण बरोबर आहे. दोन्ही एकत्र आले की बिघडतंय. दुसऱ्या दुकानात विचारू का?"

"इचारलं मी. सोमवारी देतो म्हन्ले. सोमवारी काय करायचंय, पोछा?" कुशाबाईंनी चिंधी उजेडात धरली. "रंग चुकला का गं?"

"नाही. रंग दर वेळी बरोबर येतो."

"आन् तुझा प्रोग्राम हिला पयलं काय सांगतो?"

"आधी रंग. मग आडवी जागा, मग उभी."

"मंग झालं तर! पयलं बराबर, पुढलं समदं सरकलंय. एकीनं कापताना शिलाईला मार्जिन सोडलंय, आन् शिवणारीला त्याचा पत्ताच न्हाई. तवा गळा नीट बसतो आन् बाही काखंत जाती. दोघीबी बराबर, ब्लाउज वाकडा. तू मार्जिन सोडतीस का गं?"

सायलीचं तोंड उघडंच राहिलं. "मी नाही सोडत. पण... कंपायलर सोडतो!"

खरंच होतं. रंगाचा आकडा लहान. त्याच्यापुढं नवा कंपायलर मेमरीतली तीन घरं रिकामी सोडायचा, पुढचे मोठे आकडे ऐसपैस बसावेत म्हणून. मला मात्र सत्यजीतनं खेटून वाचायला शिकवलेलं. मी ती रिकामी घरंच जागा म्हणून वाचत होते आणि सुईला भलतीकडं धाडत होते. तोंड असतं तर शुक्रवारीच ओरडले असते.

सायलीनं एकच ओळ वाढवली, हिच्यासाठी मोकळी जागा सोडू नको. मशीन चालू केलं. न, दीर्घ वेलांटी, ल, म. कुशाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बघती काय? बारा हायेत." दिवेलागणीला बारावा टी-शर्ट फ्रेममधून निघाला.

मैदानावर मला कोण नेणार? पण रविवारी दुकानातला फोन वाजला. कुशाबाईंनी स्पीकर लावला. मागं माईकवर कुणीतरी नीलमचं नाव घेत होतं, आणि नीलम किंचाळत होती.

"काकू, दोन पॉइंटनं हरलो! पन माझ्या नावानं हरलो!"

"हरून एवढी नाचतीस, जिकल्यावर काय करशील गं भवाने?" कुशाबाई ओरडल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

फोन ठेवून त्यांनी टेलरचा खडू उचलला आणि मशीनच्या काळ्या पाठीवर चौथीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'जुनीला मार्जिन सोडू नये.'

सतरा वर्षांत माझ्याविषयी कुणी लिहिलेली ही पहिली ओळ. मोठमोठ्या इंजिनियरांना जमलं नाही, ते खडूच्या एका तुकड्यानं केलं. तुम्ही काही घडवत असाल, तर तुम्हीही लिहून ठेवा, किती सोडलं आणि किती धरलं. डोक्यावर भरवसा नको, डोकी नोकरी सोडून जातात.

आणि शिरूरला कधी दुकानात आलात, तर मशीनमागून जरा जपून जा. तो खडू आहे, पदरानं पुसला जातो.