दोन नोंदी

चारुताने सर्व्हर बंद केला, पुन्हा सुरू केला आणि चाचणी चालवली. पडद्यावर तीच लाल ओळ आली. अपेक्षित नोंद एक, मिळालेल्या दोन. तिने लॅपटॉप पुढे सरकवला आणि कूलरला पाठ टेकून उभी राहिली.

इंटरनेटवरून माहिती पाठवणारी ही लायब्ररी, म्हणजे कुठल्याही अ‍ॅपमध्ये जोडता येणारा तयार प्रोग्राम, तिने आणि नागपूरच्या अभिरामने नोकरी सांभाळून लिहिली होती. कुणीही फुकट घ्यावी, आपल्या अ‍ॅपमध्ये वापरावी. तिची शाळेतली मैत्रीण सुरभी गिरडकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. ती ज्या अ‍ॅपवर लसीकरण नोंदवायची, त्यातही तीच लायब्ररी होती. मागच्या महिन्यात सुरभीच्या यादीत काही बाळं दोनदा आली. आकडा फुगवला म्हणून साहेब तिला सगळ्यांदेखत बोलले.

"तुह्या प्रोग्राममुळे तर नाई ना होत?" सुरभीने फोनवर विचारलं होतं.

चारुताला ते लागलं होतं. "आमच्या सगळ्या चाचण्या पास आहेत," ती म्हणाली होती.

पण त्या चाचण्यांतला सर्व्हर नुसता भासवलेला होता. म्हणून आता तिने खरा उभा केला. गावाकडच्या नेटवर होतं तसं, त्याने नोंद घ्यायची आणि उत्तर देण्याआधीच लाइन तोडायची. त्यातच आठवडा गेला. कधी सर्व्हर सुरूच होईना, कधी तिच्या मशीनवर चालणारं अभिरामकडे अडे. आणि आता हे.

"जुन्या नोंदी पुसल्या जात नसतील," अभिराम फोनवर म्हणाला.

"दर वेळी डेटाबेस नवा करतेय मी."

"मग ही टेस्ट सध्या वगळ ना. उद्या नवी आवृत्ती काढायचीय."

ती सर्व्हरवर आलेलं एकेक वाचत गेली. एकच नोंद, लागोपाठ दोनदा. लाइन तुटली, उत्तर आलं नाही, म्हणून लायब्ररीने स्वतःहून पुन्हा पाठवली होती. तो भाग तिनेच लिहिला होता, कुणाचं काम अडू नये म्हणून.

"आवृत्ती थांबव," ती म्हणाली आणि सुरभीला फोन लावला.

"ते दोनदा आमच्याकडूनच जात होतं. मी साहेबांना लिहून देते."

"मी परवाच लिहून देलं, चूक माही म्हणून."

"काऊन? तुझी चूक नव्हती ना."

पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. सुरभी बाजूला गेली असावी. आवाज मागे पडला.

"मंजे मी बटन एकदाच दाबत होती?"

"एकदाच."

"मले वाटे, आता आपल्या ध्यानातच राहत नाई. माह्या मायचं बी असंच सुरू झालतं."

चारुता खुर्चीत बसली. सुरभीने फोन ठेवला नाही.