जोडी लागली

“जोडी! जोडी लागली!”

सायकलींच्या दुकानावरच्या हॉलमधली पन्नासेक माणसं एकदम उभी राहिली. पुढच्या टेबलाशी दम्याची एक बाई सात पत्ते हातात धरून उभी होती. त्या सातांत दोन नव्व्या होत्या. बाई रडत होती, मागचे लोक टाळ्या पिटत होते आणि टेबलापलीकडे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून बसलेला माणूस डोळे मिटून मंद हसत होता. त्याला सगळे सातपानी बाबा म्हणत.

“मी कोण सांगणारा?” त्याचा आवाज साखरेत घोळलेला. “गड्डी तुमची, हात तुमचा, पत्ते तुम्हीच ओढलेले. आजारी माणूस एकटा पडलेला असतो. शक्ती सोबतीला आली की पत्त्यालाही जोडीदार भेटतो. तेरा तऱ्हेचे पत्ते, हातात जेमतेम सात, तरी जोडी! याला योगायोग म्हणायचं? मग सूर्य उगवतो तोही योगायोगच म्हणा!”

जोडी लागली की औषध सुटलं, असा तिथला नियम. टेबलाखाली एक वेताची टोपली होती. बाईने पर्समधून दम्याचा पंप काढला आणि त्या टोपलीत टाकून दिला.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर मी चौदा वर्षं काम करते आहे. टोपलीतल्या कितीतरी पाकिटांवर ‘सकाळी एक, रात्री एक’ हे माझंच अक्षर होतं.

पुढचा नंबर माझ्या धाकट्या भावाचा होता.

माझा भाऊ कारखान्यात लेथवर टर्नर. सतराव्या वर्षापासून त्याला फिट यायची. सहा वर्षांपूर्वी योग्य गोळ्या मिळाल्या आणि गेली दोन वर्षं तर एकदाही आली नव्हती. पण गोळ्यांनी त्याला सुस्ती यायची. कारखान्यात सोबती त्याला ‘उशी’ म्हणायचे. वरून तो हसायचा, आतून जळायचा. म्हणून भावजयीने बाबांचं नाव काढलं, तेव्हा तो एका पायावर तयार झाला.

त्याने खिशातून नवी गड्डी काढली, सील फोडलं, स्वतः पत्ते पिसले आणि सात ओढले. दोन सत्त्या, दोन राण्या.

“डबल जोडी!” हॉल दणाणला. माझा भाऊ, बापाच्या मरणातही न रडलेला, ढसाढसा रडला. मग त्याने गोळ्यांच्या दोन पट्ट्या टोपलीत टाकल्या.

घरी आल्यावर मी भांड भांड भांडले. “लबाड आहे तो माणूस. काहीतरी हातचलाखी आहे.”

“कुठली हातचलाखी, ताई?” भाऊ शांतपणे म्हणाला. “गड्डी मी आणली. पिसली मी. त्याने हात तरी लावला का?”

“तुम्ही समोर होतात ना ताई,” भावजय म्हणाली. “काही दिसलं का तुम्हाला?”

मला काहीच दिसलं नव्हतं. पुढे चार रविवार मी त्या हॉलमध्ये गेले. बाबाच्या हातांवर, टेबलावर, खिडकीच्या काचांवर नजर ठेवली. माणूस पत्त्यांना खरोखरच शिवत नव्हता. घरी भाऊ दिवस मोजत होता. दहा दिवस झाले, फिट नाही. वीस झाले, फिट नाही. तो ताजातवाना दिसायचा, भावजयीशी थट्टामस्करी करायचा. एखाद्या वेळी माझ्याही मनात यायचं, आपलंच तर चुकत नाहीये?

शेवटी एका संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या मावशींचं दार वाजवलं. या मावशींनी एका क्लबात बावीस वर्षं पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले होते. ‘जुगारवाली’ म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांच्याकडे कोणी जात नसे. खरं सांगायचं तर मीही नसे.

माझं ऐकून त्या आधी हसल्या. मग भावाने गोळ्या सोडल्याचं कळताच त्यांचं हसू मावळलं.

“मूर्ख मुली, तू त्याच्या बाह्यांत काय शोधत बसलीस? त्याच्याकडे लपवायला काही नाहीच. पोकरमध्ये माणसाला सात पत्त्यांतून आपला डाव जुळवायचा असतो. जोडी लागली म्हणून खुर्चीवरून उठून नाचलेला एक माणूस मी बावीस वर्षांत पाहिला नाही. नुसती जोडी घेऊन बसलेला बहुतेक वेळा हरतोच.”

“पण तेरा प्रकार आणि सातच पत्ते...”

“इथेच सगळे फसतात. ठरलेला एक पत्ता जुळायला हवा असता, तर तुझं बरोबर होतं. इथे सातातला कोणीही कोणाशीही जुळला तरी चालतो ना? पहिल्याला सहा सोबती, दुसऱ्याला उरलेले पाच, तिसऱ्याला चार. मोज बघू. एकवीस जागा झाल्या जुळायला.”

त्यांनी गड्डी काढली. मी औषधाच्या पाकिटामागे आकडे मांडले. पहिला पत्ता काहीही येवो. दुसरा त्याच्याशी जुळू नये, तर उरलेल्या एक्कावन्न पत्त्यांतले अठ्ठेचाळीस चालतात. तिसऱ्या वेळी पन्नासांतले चव्वेचाळीस. असं करत सातव्या पत्त्यापर्यंत आलं की सेहेचाळिसांतले अठ्ठावीसच उरतात. न जुळण्याची वाट दर पत्त्याला अरुंद होत जाते. सगळं गुणून आलं ते असं: शंभरांतल्या एकवीस जणांनाच जोडी लागत नाही. बाकीच्या एकोणऐंशी जणांना लागते. मग त्यांना दमा असो, फिट असो की काहीच नसो.

“आणि त्या एकविसांना तो काय सांगतो?” मावशींनी विचारलं.

“पुढच्या रविवारी या, म्हणतो.”

“मग त्यांतले चार-पाच सोडून सगळे दुसऱ्या खेपेला पावन होणार. उरलेल्यांचं मन शुद्ध नाही म्हणायचं. ते बिचारे लाजेने कोणाला सांगत नाहीत.”

खात्री म्हणून आम्ही पन्नास वेळा सात-सात पत्ते वाटले. एक्केचाळीस वेळा जोडी लागली.

मी तशीच धावत वर गेले. भावाने सगळं ऐकून घेतलं.

“पत्त्यांचं गणित असेल, ताई. पण माझ्या शरीराचं काय? एकतीस दिवसांत एक फिट नाही.”

“गोळ्या सुरू व्हायच्या आधीसुद्धा दोन-दोन महिने कोरडे जायचे. आठव ना जरा.”

 त्याला आठवत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

“रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखव,” तो म्हणाला. “दाखवलंस तर घेईन.”

“आज एक घे. निदान कामावर तरी जाऊ नकोस.”

“रविवारी, ताई.”

तो दिवस बुधवारचा होता. शुक्रवारी सकाळी तो लेथवर कोसळला. लोखंड पकडून फिरवणारा चक चालूच होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच्या औषधांची चिठ्ठी दुपारी माझ्याच खिडकीवर आली. नाव वाचूनही मला काही क्षण कळलं नाही की हा आपला आहे.

रविवारी मी मावशींना घेऊन हॉलमध्ये गेले. नंबर आल्यावर मावशी टेबलाशी न जाता लोकांकडे वळून उभ्या राहिल्या.

“गड्डी सगळ्यांनीच आणली आहे ना? मग आज सगळे एकदम विचारू. प्रश्न एकच. मनात म्हणायचं, ‘मी मेलेलो आहे का?’ जोडी लागली तर उत्तर हो.”

कोणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाला, “असा खेळ इथे चालत नाही.” पण तोवर लोकांनी पत्ते पिसायला घेतले होते. मी मोजलं: त्रेचाळीस जण होते. सगळ्यांनी सात-सात ओढले.

“जोडीवाले हात वर करा.”

चौतीस हात वर आले.

“म्हणजे चौतीस जण मेलेले,” मावशी म्हणाल्या. “बरेच धडधाकट दिसताय.”

हशा पिकला. बाबा ताडकन उठला. “थट्टेने विचारलं की शक्ती रागावते!”

“रागावली तरी जोडी, प्रसन्न झाली तरी जोडी. मग आम्ही ओळखायचं कसं, बाबा?”

बाबा जिन्याकडे सरकला. हशा ओसरल्यावर मी पाकिटावरचं गणित वाचून दाखवलं आणि भावाच्या बोटांचं सांगितलं. दम्याची बाई पहिल्या रांगेत होती. ती उठली, टोपलीशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी आपला पंप शोधू लागली. मग एकेक जण पुढे आला. मी पाकिटांवरची नावं वाचून ज्याची त्याच्या हातात देत होते. सगळे मात्र आले नाहीत. सात-आठ जण ‘आमची श्रद्धा तुम्ही मोडू शकत नाही’ म्हणत बाबामागे जिना उतरून गेले. दुसऱ्या एका गल्लीत त्याची बैठक पुन्हा सुरू झाल्याचं ऐकते आहे.

भाऊ आता गोळ्या घेतो. एकदा हाताची पट्टी बदलताना म्हणाला, “पण त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं गं.”

 त्याला बरं वाटलं होतं हे खोटं नव्हतंच. आणि मी चार रविवार बाबाच्या बाह्यांकडे बघत बसले, एक गड्डी घेऊन मोजायला बसले नाही, हेही खोटं नाही.

म्हणून खिडकीवर येणाऱ्यांना मी हल्ली सांगते, तुम्हालाही सांगते. चमत्कार दाखवला की तो कसा केला, एवढंच विचारू नका. हे आपोआप किती वेळा घडतं, तेही विचारा. ज्यांच्या बाबतीत घडलं नाही, ती माणसं कुठे आहेत, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत गोळी चुकवू नका. मोजायला एक संध्याकाळ पुरते. आम्हाला ती महिनाभर उशिरा सुचली.