सपाट रेघ

आमच्या लॅबमध्ये आम्ही माणसांना त्रास देतो आणि त्यांना तो किती झाला ते मोजतो. मॅडमना हे वाक्य मुळीच आवडत नाही. त्या पाहुण्यांना सांगतात की काही माणसं जन्मतःच जास्त संवेदनशील असतात, आवाज, उजेड, दुसऱ्याचा पडलेला चेहरा त्यांच्या आत खोलवर जातो, आणि हे कसं होतं याचा आम्ही अभ्यास करतो. बरोबरच आहे ते. पण त्या माणसांना खुर्चीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून करवतीचा आवाज आणि रडणारं पोर ऐकवायचं काम माझं. चौदा वर्षं करतेय. मॅडम शास्त्रज्ञ आणि मी तंत्रज्ञ, म्हणजे नाव त्यांचं छापून येतं आणि वायरी मी गुंडाळते.

पद्धत तशी सोपी आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांना दोन चकत्या चिकटवायच्या. माणूस दचकला, हेलावला की बोटांना किंचित घाम सुटतो, त्याचा त्यालाही कळत नाही इतका. चकत्यांना कळतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. त्याआधी तीस प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा असतो, पण त्यावर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. कागदावर स्वतःला हळवं म्हणवून घ्यायला लोक एका पायावर तयार असतात. लॅबमध्ये नवीन कुणी आलं की मी सांगायचे, माणूस काय म्हणतो ते सोडा, रेघ बघा.

माझी धाकटी बहीण हळवी होती. घरात तिला कचकडी म्हणायचे. ती चार वर्षांची असताना कचकड्याच्या बाहुलीवरून हे नाव मीच ठेवलं होतं. कपड्याच्या मानेशी शिवलेली चिठ्ठी टोचते म्हणून ती रडायची. ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, आणि आम्ही कितीही कान दिला तरी ती गुणगुण आम्हाला ऐकू यायची नाही. आई बाहेरून कुलूप कसं उघडते यावरून आज ती चिडलीय की दमलीय ते सांगायची, आणि तिचं कधी चुकायचं नाही. शेजारच्या घरात भांडण झालं की हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आई कपाळाला हात लावायची. "ते भांडून, जेवून, ढेकर देऊन झोपले," म्हणायची, "आणि ही बघा आमची, उपाशी!"

आई बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं लेबलं चिकटवायच्या खात्यात होती. ती निवृत्त झाल्यावर तिच्या शब्दावर कचकडी तिथे लागली. आठ तास काचेवर काच आपटत असते तिथे. कानांवर लावायची टोपणं फक्त भट्टीपाशी काम करणाऱ्यांना मिळत. काम मात्र ती चोख करायची. केसाएवढी चीर गेलेली बाटली तिला नुसत्या बोटांना कळायची, म्हणून मुकादम तिच्यावर खूश असायचा. घरी आली की मात्र पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तासभर कुणी हाक मारायची नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग एका रविवारी सकाळी तिने सांगून टाकलं. वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायला माणूस हवं होतं. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. तिने जाऊन ती खोली बघितली होती आणि तिथल्या बाईंशी बोलूनही आली होती.

"तिथे सुईचासुद्धा आवाज होत नाही गं आई," ती म्हणाली.

आई भडकली. "बावीस वर्षं मी तिथे काय कान काढून ठेवून बसले होते? माझा शब्द टाकून लावलं तुला. आता त्या मुकादमाला कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुला सोसत होतं. मला नाही सोसत."

"त्रास सगळ्यांनाच होतो. तू त्याचे लाड करतेस."

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, वाद कशाला, आमच्या लॅबमध्ये ये, मोजूनच बघू. कचकडीचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. आईलाही ते पटलं. चौदा वर्षं ती शेजारीपाजारी माझ्या मशीनची फुशारकी मारत आली होती. तिने तिथल्या तिथे अट घातली. "मशीन हो म्हणालं तर उद्याच्या उद्या सोड, मी ब्र काढणार नाही. नाही म्हणालं तर हे रडगाणं बंद. कायमचं."

"चालेल," कचकडी लगेच म्हणाली. कुणीतरी एकदाचं बघेल, एवढंच तिला हवं होतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. लहानपणापासून आमचं घर तिच्या कलाने चाललं. रेडिओ हळू, दार हळू, ताई, तू जरा हळू बोल. मी परीक्षेत पहिली आले त्या दिवशीसुद्धा घरात चर्चा होती ती कचकडीचं डोकं का दुखतंय याची. माझं तिच्यावर प्रेम होतं, पण मनात एक अढी होती, आणि त्या दिवशी मी ती बरोबर घेऊनच लॅबमध्ये गेले.

ती कारखान्यातली पाळी संपवून थेट आली. बोटांवर लेबलांचा डिंक वाळून काळा पडला होता, नखांतसुद्धा होता. नेमक्या त्याच वेळी मॅडम दोन पाहुण्यांना घेऊन काचेपलीकडे उभ्या होत्या. मॅडमनी हसून विचारलं, "ही तुझी बहीण?" मला त्या हातांची लाज वाटली. ज्या डिंकावर माझं शिक्षण झालं त्याचीच लाज वाटली. मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि तिची बोटं घासघासून लख्ख केली. कातडी पांढरी पडेपर्यंत घासली. ती बिचारी हात पुढे करून बसली होती.

बोटं फक्त साध्या पाण्याने धुवायची. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि मोजायचा तो घामच चकतीपर्यंत पोचत नाही. हा आमच्याकडचा पहिला नियम. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला आहे आणि ते अक्षर माझं आहे.

मी आवाज सुरू केले. करवत. रेघ जागची हलली नाही. मग रडणारं पोर, मग लोखंडावर लोखंड. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ. मी पडद्याकडे बघत होते आणि मला राग येत होता, आईपुढे मिरवलेल्या मशीनचा आणि तिचाही. एकदा मान वळवली तर कचकडीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून थेंब गळ्यात जात होते, पण हात हलवू नकोस असं मी सांगितलं होतं म्हणून ती ते पुसतही नव्हती. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. शेवटी काच फुटण्याचा आवाज होता. तेव्हाही रेघ सपाट.

हेडफोन काढल्या काढल्या तिने विचारलं, "दिसलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

सपाट रेघेचा अर्थ काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याचा अर्थ एवढाच की माप मिळालं नाही. माणसाला काही वाटलं नाही असा त्याचा अर्थ नसतो. अशी नोंद बाजूला काढायची, तिच्यावरून काही ठरवायचं नाही. पण घरी आई दारातच उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणालं मशीन?" आणि मी म्हणाले, "रेघ हलली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनला तरी काही दिसलं नाही."

आईने टोमणा मारला नाही. उलट तिला हायसंच वाटलं. "मग झालं तर," म्हणाली आणि आत गेली. मुलीला काही झालेलं नाही हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटणार नाही?

कचकडी चपला न काढता तशीच उभी होती. "पण ताई, मी रडत होते ना? तू बघितलंस."

"रडायला काय, कुणालाही येतं," मी म्हणाले.

तिने वाकून चपला काढल्या. मग मान हलवून म्हणाली, "असेल बाई. मलाच वाटत असेल."

तिने वाचनालयात नाही म्हणून कळवून टाकलं. त्यानंतर तिने एकदाही तक्रार केली नाही. घरी आल्यावर पडदे ओढेनाशी झाली, आमच्यात येऊन बसायची. रेडिओ मोठ्याने लागायला लागला. कुणी भांडं आपटलं की खांदे तेवढे उडायचे, आणि लगेच स्वतःच हसायची. "नाटकी आहे मी," म्हणायची. आई खूश होती. चार लोकांत सांगायची, मशीनने पोरीचं खूळ काढलं.

नऊ दिवसांनी मॅडमनी मला आत बोलावलं. तपासणीच्या वेळी आम्ही चेहऱ्याचं चित्रीकरणही करतो. ते त्या बघत होत्या. पडद्याच्या अर्ध्या भागात कचकडी घळाघळा रडत होती आणि खाली रेघ सपाट.

"हिचे हात कशाने पुसलेस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चौदा वर्षांत एकदा चालतं," म्हणाल्या. "कागदावर तिचे तीसपैकी अठ्ठावीस आलेत. इतके आपल्याकडे फार कमी जणांचे येतात. पुन्हा बोलव तिला. आणि घरी सांग, या रेघेवर जाऊ नका."

मी हो म्हणाले. त्या संध्याकाळी सांगणारच होते. पण आई मजेत होती, घरात कधी नव्हे ती कसलीच कुरकुर नव्हती, आणि मशीनचा मान म्हणजे माझाच मान होता. म्हटलं, रविवारी निवांत सांगू. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी मला जरा कणकण होती. मधल्या दिवसांत रोज सकाळी कचकडी पलंगाच्या कडेला मोजे हातात धरून बसलेली दिसायची. आई येऊन डबा तिच्या पिशवीत घालायची आणि पाठीला हात लावून तिला दारापर्यंत न्यायची. मी समोर मूग गिळून बसायचे. रोज वाटायचं, आत्ता तिला कामावर जायचंय, उगाच आज कशाला.

शुक्रवारी सकाळी अकराला लॅबमध्ये फोन आला. कारखान्याच्या आवारात बाटल्यांचे खोके वाहणारी गाडी मागे येत होती. चालकाने तीनदा भोंगा वाजवला. बाकीच्या सगळ्या बाया बाजूला झाल्या. कचकडी पाठमोरी उभी होती, तिने वळून पाहिलंच नाही. ती जागच्या जागी गेली.

आठवड्याने तिच्या खात्यातली एक मैत्रीण घरी आली. आईसमोर बसून बराच वेळ रुमालाशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. कापसात मेण घालून ती कानात खुपसायची. अगदी आतपर्यंत. आणि वरून केस पुढे ओढून घ्यायची."

"आधीपासून?" आईने विचारलं.

"नाही. आधी उघड उघड बोलायची, डोकं फुटतंय म्हणून. ती तपासणी झाल्यापासून बोलायची बंद झाली. मी एकदा कापूस बघितला तर माझे हात धरले तिने. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, मशीन म्हणतं मला काही होत नाही, उगाच लोक हसतील."

ती गेल्यावर आई भिंतीला टेकून बसली. दुपारची वेळ होती, नळाखालची बादली भरून वाहत होती आणि दोघींपैकी कुणीच उठत नव्हतं.

"उगाच घातला गं तिने कापूस," आई म्हणाली. "तिला काही होत नव्हतं. तू तपासलं होतंस म्हणून बरं. नाहीतर मला आयुष्यभर वाटलं असतं की मीच ढकललं तिला तिथे."

मी गप्प बसू शकले असते. आईच्या हातात धरायला तेवढंच उरलं होतं, आणि ते काढून घ्यायचा मला काय अधिकार होता? पण ती पुन्हा म्हणाली, "उगाच घातला." कचकडी मेल्यावरही खोटी ठरत होती, आणि ते मला ऐकवेना.

मी सगळं सांगितलं. डिंक, पाहुणे, स्पिरिट. मॅडम काय म्हणाल्या ते. सांगताना मी आईकडे बघत नव्हते. बोलून झाल्यावर उठून नळ बंद केला.

"तुला हे कधी कळलं?" आईने विचारलं.

"ती जायच्या दोन आठवडे आधी."

आई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "रविवार सोडून बारा. बारा सकाळी मी तिला दाराबाहेर घातलं. तू समोर होतीस."

"हो."

"एकदा तरी म्हणायचंस," आई म्हणाली, "आई, आज राहू दे."