अमृताच्या तळाशी

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. तीनचारशे माणसं, आणि निम्म्याहून अधिकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. भरदुपारी, पत्र्याच्या छपराखालच्या त्या काळोखात, ते सगळे काळे चष्मे एकाच दिशेला वळलेले. 

समोरच्या लाकडी चौथऱ्यावर, एका जाड पडद्यापुढे, उजेडबाबा उभा होता. पांढराशुभ्र सदरा, गुळगुळीत केलेली दाढी, हातात निळ्या काचेची बाटली. त्याच्यापुढे स्टुलावर एक ट्रकड्रायव्हर बसला होता. माणूस धिप्पाड, पण एक डोळा लालभडक, सारखं पाणी गळतंय, उजेड सोसवत नाही म्हणून मान खाली.

“ऑपरेशनला किती दिवस झाले?” बाबाने विचारलं.

“बारा.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“थेंब टाकत राहा म्हणतात. धीर धरा.”

“धीर!” बाबा गर्दीकडे वळला. “ऐकलंत? डोळ्यात निखारे ओतायचे आणि वर धीर धरायला सांगायचं! थेंब पडला की झोंबतं ना?”

“झोंबतं!” गर्दी ओरडली.

“जे झोंबतं ते विष. मी चांदणं घालतो, चांदणं!”

निळ्या बाटलीतला एक थेंब ड्रायव्हरच्या डोळ्यात पडला. बाबाने सगळ्यांना मोठ्याने साठपर्यंत मोजायला लावलं. साठ झाले. ड्रायव्हरने मान वर केली आणि पुढच्या रांगेतून किंकाळीच फुटली. डोळा पांढरा झाला होता. लाली जणू पुसून टाकलेली.

“दुखतंय?”

“नाही हो! काहीच जाणवत नाही!”

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. एकेका शब्दावर अडणं हाच माझा धंदा. पण त्या दिवशी मी अडलो नाही. ‘बरं वाटतंय’ असं तो म्हणाला नव्हता. ‘काहीच जाणवत नाही’ म्हणाला होता.

“आता आपापली विषं इथे टाका,” बाबाने कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं, “आणि अमृत घेऊन जा.”

रांग लागली. पिंपात औषधाच्या बाटल्या पडण्याचा टपटप आवाज सुरू झाला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईने पिशवीत हात घातला, तेव्हा मी तिचं कोपर धरलं.

“ताई, वेडेपणा करू नकोस. ते सिस्टरनी दिलेलं औषध आहे.”

“तुला काय होतंय सांगायला? वाळू भरल्यासारखा डोळा माझा खुपतोय, तुझा नाही.” तिने हात सोडवून घेतला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनेच, आणि तेही रफूच्या कामावर. जळालेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, ताईच्या हातून गेली की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन नऊ दिवसांपूर्वी झालं होतं आणि उत्तम झालं होतं.

घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरनी तिला समोर बसवून सगळं शिकवलं होतं. एक बाटली जंतूंसाठी, दुसरी सूज उतरवण्यासाठी. हात साबणाने धुवायचे. सुजेची बाटली आधी चांगली हलवायची. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी कमी. “आणि मावशी,” सिस्टर म्हणाल्या होत्या, “बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही, आणि बरं वाटतंय म्हणून महिनोन्‌महिने चालूही ठेवायचं नाही. दोन्ही वाईट.”

ताईने मान डोलावली होती. पण सहा वेळा थेंब, त्यात डोळा थोडा लाल, थोडा खुपणारा, आणि कपाटात गिऱ्हाइकांचे सतरा कपडे पडलेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उजेडबाबाचं नाव काढलं आणि ताईचा धीर सुटला. तिने माझ्यादेखत दोन्ही बाटल्या पिंपात टाकल्या आणि बोटभर काचेची कुपी घेऊन परत आली.

खरं सांगतो, पहिले चार दिवस मीच खोटा पडलो. ताई कुपीतला थेंब टाकायची आणि मिनिटाभरात तिचा चेहरा सैल पडायचा. तिने सुई हातात घेतली, एक शालही पुरी केली.

“बोल आता!” मला म्हणाली. “तुझे ते सहा वेळांचे तक्ते!”

सहाव्या दिवशी मात्र लक्षात आलं की आता ती तासातासाला थेंब टाकतेय. औषध उतरलं की डोळा पूर्वीपेक्षा लाल व्हायचा आणि ती ठसठसीने कपाळ दाबून धरायची, मग पुन्हा कुपीकडे हात. आठवड्यात ती दुसरी कुपी घेऊन आली. दहाव्या दिवशी मी दारात उभा होतो आणि ती सरळ माझ्यावर येऊन आदळली.

“अंधारात काय उभा राहतोस?” ती चिडली.

सकाळचे दहा वाजले होते. दारातून ऊन आत आलं होतं.

बाराव्या दिवशी ती खिडकीशी कोट उसवत बसली होती. मी चहा घेऊन गेलो, कप ठेवताना तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाकून पुन्हा नीट पाहिलं. कोटाची लोकर उडून तिच्या ऑपरेशनच्या डोळ्यात गेली होती. पापणीत नव्हे, बुबुळावर. काळा, बोटाच्या पेराएवढा तंतू तिच्या उघड्या डोळ्यावर आडवा पडला होता, आणि ताई पापणीसुद्धा न लववता माझ्याशी बोलत होती. कोटाचं अस्तर किती जीर्ण झालंय ते मला सांगत होती.

“ताई, तुझ्या डोळ्यात काही गेलंय.”

“छे! मला तर काही जाणवत नाही.”

तेव्हा कुठे गोदामातलं ते वाक्य मला ऐकू आलं.

मी फळीवरची कुपी उचलली. कालपासून ती न हलता उभी होती. वरचं पाणी स्वच्छ, आणि तळाशी पिठासारखा पांढरा साका. कसल्या अमृताला साका बसतो? टाकून दिलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरं मला पाठ होती. मी छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाही. ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी.’ कारण ते सुजेचं औषध तळाशी बसतं.

करू नये ते मी केलं. एक थेंब जिभेवर घेतला. आधी कडू लागला. मग जिभेचं टोक नाहीसं झालं. दाताने चावून पाहिलं, तरी कळेना.

“ताई, चप्पल घाल.”

“कुठे?”

“दवाखान्यात. आणि आज तुझं काही ऐकणार नाही.”

डॉक्टरीणबाईंनी जखम दिसावी म्हणून ताईच्या डोळ्याला पिवळ्या रंगाची कागदी पट्टी टेकवली आणि निळा दिवा टाकला. मला जवळ बोलावलं. बुबुळाच्या मधोमध हिरवा, फाटक्या कडांचा डाग चमकत होता.

“ही जखम आहे,” त्या म्हणाल्या. “किमान आठवडाभराची. एवढ्या जखमेने माणूस भिंतीवर डोकं आपटतो. या शांत बसल्यात.”

त्यांनी डोळ्याचा दाब मोजला. तोही खूप चढला होता. कुपी उजेडात धरून त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरचा चेहरा उतरला.

“या महिन्यातली ही सातवी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “परवा एक ट्रकड्रायव्हर आला होता. जखमेत जंतू शिरून डोळ्यात आतून पू झाला होता. काढावा लागला.”

ताईने माझा हात घट्ट धरला. स्टुलावर बसलेला तो धिप्पाड माणूस आम्हा दोघांनाही आठवला असणार.

बाबाच्या पुढच्या बैठकीला मी आणि सिस्टर गोदामात गेलो. सिस्टर घरच्या कपड्यांत होत्या. त्यांनी आधीच पोलीस चौकीत कळवलं होतं आणि दोन हवालदार गर्दीत मागे उभे होते. बाबापुढच्या स्टुलावर आज एक म्हातारे मास्तर होते. लाल डोळा, थेंब, साठ अंक, टाळ्या. सगळं तसंच.

टाळ्या थांबताच सिस्टर पुढे गेल्या. “बाबा, एक शंका आहे. अमृत पोटात गेलं तर चालतं ना?”

“अमृत ते अमृत, बाई! डोळ्यात घाला, पोटात घाला.”

“मग चार थेंब जिभेवर घ्या आणि लोकांना दोन शब्द सांगा.”

बाबा हसला. “आमच्या परीक्षा घेणारे आले आणि गेले. ज्याच्या मनात काळोख, त्याला उजेड कसा सोसणार?”

“काळोख राहू द्या. चारच थेंब.”

“माझा आज मौनाचा दिवस आहे.”

“सकाळपासून भोंग्यावर बोलताय, मौन कसलं?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. सिस्टर माझ्याकडे वळल्या. मी चौथऱ्यावर चढलो, निळी बाटली घेतली, चार थेंब जिभेवर टाकले आणि साठ अंक मोजत राहिलो. मग बोलायला गेलो ते “माधी दीभ बधील धाली” असंच निघालं. या खेपेला कुणी हसलं नाही.

“दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसंच हे डोळ्याचं औषध आहे,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही ऑपरेशनच्या वेळी एकदोन थेंब वापरतो. घरी कुणालाच देत नाही, कारण रोज घातलं तर जखम भरत नाही आणि झालेली जखम कळतही नाही. यात दुसरंही एक औषध आहे, त्याने डोळ्याच्या शिरा आकसतात आणि लाली थोडा वेळ पळते. उतरलं की दुप्पट परत येते. आणि तिसरं काय आहे, ते यांच्या पडद्यामागे बघू या.”

हवालदारांनी पडदा ओढला. मागे टेबलावर एक स्टीलचं पातेलं, कळकट फडका बांधलेलं नरसाळं आणि शेकडो बाटल्या. लोकांनीच पिंपात टाकलेल्या. टोकं कापलेल्या, पातेल्यात पिळून रिकाम्या केलेल्या. कुणाचं जंतूंचं औषध, कुणाचं सुजेचं, कुणाचं महिन्यापूर्वी उघडलेलं, कुणाच्या पिकलेल्या डोळ्याला टोक लागलेलं. सगळं एकत्र कालवून, वर बधिर करणारं पाणी ओतून, तेच परत वाटलं जात होतं.

“ज्याला विष म्हणून टाकायला लावलं,” सिस्टर पातेल्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “तेच तुम्हाला अमृत म्हणून दिलं. फक्त घाण करून. सुजेचं औषध मोजून दिलं तर डोळा वाचवतं. बेहिशेबी घातलं तर आत दाब वाढतो, नजर कडांकडून कमी होत जाते आणि दुखतसुद्धा नाही. आणि जंतू शिरलेल्या डोळ्यात घातलं तर जंतूंना मोकळं रान.”

उजेडबाबा एका डोळ्यांच्या दवाखान्यात भांडारात कामाला होता आणि औषधं चोरली म्हणून काढला गेला होता, हे मागाहून कळलं. हवालदार त्याला घेऊन जात होते तेव्हाही तो “उजेड येईल, उजेड येईल” म्हणतच होता. दाराशी एक बाई मला ओलांडून घाईने बाहेर पडली. तिने पदराआड धरलेली कुपी मला दिसली. मी हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ताईचा डोळा वाचला. दीड महिना लागला. पण बुबुळावर पांढरा वण राहिलाय आणि त्या डोळ्याला सगळं धुक्यातून दिसतं. बारीक रफू आता तिच्याच्याने होत नाही. ती शिलाईची जाडी कामं घेते आणि त्याबद्दल बोलत नाही. बोलली ती एकदाच, आणि ते माझ्याशी नव्हे.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, घरी निघायची वेळ झाली. शेजारच्या खाटेवर एक आजी हातातली बाटली उलटसुलट करत होत्या. “झोंबतं म्हणे हे,” त्या कुरकुरल्या. “काहीतरी न दुखणारं नसतं का?”

ताई त्यांच्या खाटेवर जाऊन बसली.

“आजी, माझा हा डोळा बघा. मी न दुखणारं घातलं होतं,” ती म्हणाली. “थोडं झोंबेल, मिनिटभरात थांबेल. पण ठणका लागला, नजर अंधुक झाली, लाली वाढली, तर उद्यावर टाकू नका, तडक इथे या. आणि कुणी काही दिलं तर आधी विचारा: यात काय आहे? कुणाच्या सांगण्यावरून? किती दिवस? ज्याला या तीन गोष्टी सांगता येत नाहीत, तो कितीही गोड बोलला तरी डोळ्याजवळ त्याचा हात येऊ द्यायचा नाही.”

आजींनी बाटली कानाशी नेऊन हलवून पाहिली आणि विचारलं, “म्हणजे हात आधी धुवायचे?”

“आधी हात,” ताई म्हणाली, आणि त्यांना बेसिनपर्यंत घेऊन गेली.