भावाच्या नावाने

“फुंका! आणखी, आणखी... थांबू नका,” नर्स म्हणाली आणि झालगासने थोरल्या भावाच्या नावाने श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत तिसऱ्यांदा फुंकलं.

हे सोंग आदल्या दिवशी चहा पिताना ठरलं होतं. आटलेल्या अरल समुद्राच्या तळावर झुडपं लावायला ट्रॅक्टरवाले हवे होते. अख्ख्या हंगामाचा पगार. पण छाती ठणठणीत असल्याचा दाखला आणा म्हणत होते. थोरला ओतेनियाज पाण्याची बादली उचलली तरी खोकत बसायचा. झालगास मात्र पैलवान, लग्नातल्या कुस्त्या मारून बक्षिसाचा मेंढा खांद्यावर टाकून घरी येणारा. दोघांचे चेहरे सारखे आणि नर्स नुकुस शहरातून नवीनच आलेली. एवढ्यावर सगळी भिस्त होती.

“वय एक्केचाळीसच ना?” तिने विचारलं.

“हो. का?”

“सिगारेट?”

“कधीच नाही.”

“घरात कुणी खोकतं?”

“भाऊ,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. “धाकटा. इथं कोण खोकत नाही, बाई? वारा सुटला की चहासुद्धा खारट लागतो.”

ती हसली नाही. “तुमच्या वयाला शंभर टक्के श्वास हवा, तिथं अठ्ठावन्न येतायत. धुळीतलं काम विसरा. नुकुसला जाऊन छातीचा फोटो काढा. याच आठवड्यात.”

बाहेर ओतेनियाज नाकाला फडकं बांधून मोटरसायकलवर बसला होता.

“झालो का पास, पैलवान?”

“नाही.”

“गाढवा, मेंढे उचलतोस आणि एक नळी फुंकता येत नाही? मुद्दाम केलंस!”

“जीव तोडून फुंकलं, आगा. तीनदा.”

ओतेनियाज शिवी द्यायला तोंड उघडून तसाच राहिला. त्याने धाकट्याच्या हातातला तपासणीचा कागद घेतला, मग त्याच्याकडे पाहिलं. कुस्तीत समोरचा पैलवान कितीही दांडगा असला तरी झालगासचं तोंड असं उतरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला भीती वाटली.

“चल आत.”

“वेड लागलंय का? ती कामाच्या यादीतून तुझं नाव कायमचं काढून टाकेल. पुढच्या वर्षीही कुणी दारात उभं करणार नाही तुला.”

“चल म्हणतो ना!”

नर्सच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत ओतेनियाजला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो टेबल धरून उभा राहिला. मग त्याने कागद पुढे सरकवला.

“बाई, ओतेनियाज मी. हा कागद माझा नाही, याचा आहे. नाव झालगास. वय एकोणतीस लिहा.”

नर्सने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला राग आलेला दिसत होता. तरी तिने यंत्रात वय बदललं. तरुण छातीकडून यंत्र जास्त श्वास मागत होतं.

अठ्ठावन्नचे त्रेपन्न झाले.