कारणाचा रकाना

रजिस्टरबाईंनी अर्ज काचेखालच्या फटीतून परत बाहेर सरकवला.

"निळी शाई चालत नाही. काळ्या शाईनं लिहून आणा."

काचेपलीकडच्या म्हाताऱ्याने अर्ज डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा खाली धरला. दोन मजले चढून आल्याची धाप अजून बसली नव्हती.

"अहो, पण मागच्या आठवड्यात काळी होती. तुम्हीच निळी म्हणालात."

"ते सहीपुरतं. सही निळी, मजकूर काळा. उद्या या."

हा नियम बाईंनी त्याच क्षणी जन्माला घातला होता, आणि तो इतका सरकारी वाटला की त्यांना स्वतःचेच कौतुक वाटले. म्हाताऱ्याने मान डोलावली, अर्जाची नीट घडी घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत बाई पाहत राहिल्या.

शेजारच्या टेबलावर लग्नांची नोंद करणारे भाऊ बसत. त्यांच्याकडे येणारी माणसे हसत येत, त्यामुळे त्यांना थट्टेची सवय होती.

"बाई, म्हातारा जिन्यात गचकला तर नोंद तुम्हालाच करावी लागेल बरं का."

"करीन की. आनंदानं करीन."

भाऊ मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत.

मृत्यूच्या नोंदी सांभाळण्यात बाईंची एकतीस वर्षे गेली होती. रडत आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग कागद मागायचे, ही त्यांची रीत. नोंद देण्यासाठी त्यांनी कुणाला हेलपाटे घालायला लावल्याचे कार्यालयात कुणी पाहिले नव्हते. या एकाच माणसाला मात्र त्यांनी पाच वेळा पिटाळले होते. एकदा फोटो मोठा होता, एकदा नात्याचा पुरावा नव्हता, एकदा पंचाहत्तर वर्षांपूर्वी जळून गेलेल्या दवाखान्याचे पत्र हवे होते.

म्हातारा मागत होता ती नोंद त्याच्या धाकट्या बहिणीची. घराण्याचा इतिहास लिहितोय, त्यासाठीच इथे परत आलोय, म्हणाला. सगळ्यांच्या तारखा मिळाल्या, ही तेवढी राहिली.

"चार वर्षांची होती," पहिल्याच दिवशी काचेला तोंड लावून त्याने सांगितले होते. "मी नऊचा. मला सांगितलं, मावशीकडे पाठवलीय. दोन वर्षं मी तिला पत्रं लिहीत होतो. मग एक दिवस आपणहूनच बंद केली."

दुसऱ्या कुणी हे सांगितले असते तर बाईंनी तिथल्या तिथे खुर्ची दिली असती. पण तोवर त्यांची नजर अर्जाखालच्या सहीवर गेली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून खाली वळवलेली सही. ती त्यांना स्वतःच्या सहीपेक्षा जास्त पाठ होती.

त्या दुपारी वीस मिनिटांत त्यांनी बहिणीची नोंद शोधून काढली. मग ते रजिस्टर फडताळातून उचलून स्वतःच्या कपाटात तळाशी ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. 'शोध घेतला. नोंद आढळली नाही.' असा एक रबरी शिक्का कार्यालयात होता. तो त्यांनी पुसून, शाईची गादी ओली करून हाताशी ठेवला. म्हातारा पुरता थकला, की त्याच्या देखत तो अर्जावर उमटवायचा, असे ठरले होते. सापळ्यात उंदीर सापडल्यावर त्याला लगेच मारले तर मजा काय.

बाईंचे वडील घड्याळजी होते. चौकातल्या मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ त्यांच्याकडे असे. रोज सकाळी एकशे चाळीस पायऱ्या चढून ते किल्ली देत. बाई सात वर्षांच्या असताना एका सकाळी ते वरून खाली फरसबंदीवर पडले. ते कसे पडले, हे तेव्हाच्या सरकारी डॉक्टरने लिहून दिले आणि ते तसेच रजिस्टरात चढले. कारणाचा रकाना: 'मद्याच्या अमलाखाली असताना उंचावरून पडून.' खाली तीच शेपटीवाली सही.

वडिलांनी दारूच्या थेंबाला कधी हात लावला नव्हता. पण शाळेत बाई फळ्याकडे जायला उठल्या की मागच्या बाकांवरची पोरे झोकांड्या खात. पुढे एका चांगल्या स्थळाने 'घराणं कसलं ते ऐकलंय' असे कळवले, आणि त्यानंतर बाईंनी तो विषयच संपवला. आई छापखान्यात मुद्रिते तपासायची. तिने लेकीला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "डॉक्टरनं खोटं लिहिलं. आणि त्याच्या दारात तू कधीही पाय ठेवायचा नाहीस. शपथ घे." बाईंनी शपथ घेतली. डॉक्टर वर्षभरात बदली घेऊन गेला तो गेलाच. आई वारली तरी शपथ राहिली.

या नोकरीत लागल्यावर पहिल्याच महिन्यात बाईंनी नोंददुरुस्तीचा फॉर्म भरून ठेवला होता. दुरुस्ती करायची तर मूळ दाखला देणाऱ्याची सही लागते. सहीची जागा कोरी होती आणि खऱ्या कारणाचा रकानाही कोरा. ते त्यानेच, स्वतःच्या हाताने लिहायला हवे होते. एकतीस वर्षांत फॉर्म पिवळा पडला. ड्रॉवरमध्ये त्याच्यावर वजन म्हणून वडिलांच्या चष्म्याची डबी असे. आत चष्मा होता, त्याच्या काचेवर एक चरासुद्धा नव्हता. आईने जिवापाड जपला म्हणून, असे बाईंना वाटे.

सहाव्या खेपेला डॉक्टर काळ्या शाईतला मजकूर आणि निळी सही घेऊन आले. अक्षरे थरथरत होती, पण खाडाखोड कुठे नव्हती.

"हे शेवटचं, बाई," ते म्हणाले. "उद्या मुलगा न्यायला येतोय, तिकडे लांब. पुन्हा हे जिने काही माझ्याच्यानं होणार नाहीत. नोंद नसेल तर नाही म्हणून सांगा. मी तसं लिहितो आणि वही मिटतो."

बाईंचा हात शिक्क्यावर गेला आणि तिथेच थांबला. शिक्का मारला तर हा माणूस निघून जाणार, आणि आपल्याला कशाची शिक्षा झाली हेसुद्धा त्याला कळणार नाही. तो सूड कसला.

"आत या," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली. बाहेरच्या माणसाला नोंदीच्या खोलीत नेलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

आत फडताळांच्या रांगांमध्ये एक लांब टेबल होते. बाईंनी डॉक्टरांना स्टुलावर बसवले, पन्नास वर्षांपूर्वीचे रजिस्टर काढले आणि न चाळता हवे ते पान उघडले. त्या रजिस्टराला आता तिथेच उघडायची सवय झाली होती.

"वाचा. मोठ्यानं."

"ही माझी बहीण नाही."

"वाचा म्हणते ना."

डॉक्टरांनी बोट ओळीवर ठेवले आणि वाचले. कारणाच्या रकान्याशी त्यांचा आवाज खाली गेला. मग त्यांनी बोट उचलले आणि बाईंकडे पाहिले. इतक्या खेपांत प्रथमच, काच मध्ये नसताना.

"तू घड्याळजींची मुलगी."

"हो. दारुड्याची मुलगी. तुम्हीच केलीत." बाईंचा आवाज चिरकला, ते त्यांना आवडले नाही. "माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता."

"माहीत आहे मला."

नाकारले तर काय बोलायचे, विसरलो म्हणाला तर काय, रडला तर काय, सगळे बाईंनी घोटून ठेवले होते. हे उत्तर त्यात नव्हते.

"माहीत असून लिहिलंत?"

"सांगितलं तसं लिहिलं."

"कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी बोट दोन रकाने पुढे नेले. खबर देणाऱ्याचे नाव. तिथे आईची सही होती आणि खाली तिच्याच ठाशीव अक्षरात शेरा: 'वाचले. बरोबर आहे.'

"ते तिच्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलंय."

"तुझ्या आईकडून?" डॉक्टर म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर छापखान्याच्या मालकाला उभं करायची ती. तिच्याकडून कोण काय लिहून घेणार?"

डॉक्टर थोडा वेळ रजिस्टराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"ती गेली?"

"बारा वर्षं झाली."

"मग सांगतो. पोलिसांच्या आधी मी वर गेलो होतो. खिडकीच्या कट्ट्यावर रुमाल अंथरला होता आणि त्यावर त्यांच्या चष्म्याची डबी. चष्मा आत, घडी करून. पडणारा माणूस चष्मा काढून डबीत ठेवत नाही, पोरी. मी डबी खिशात घातली आणि खाली येऊन तुझ्या आईच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली. रडली नाही. म्हणाली, दारू लिहा."

"नाही."

"मी म्हटलं, पाय घसरला लिहितो. तर म्हणाली, रोज चढणाऱ्या माणसाचा पाय कसा घसरला, विचारत बसतील. दारू म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही."

बाहेर भाऊ कुणाला तरी हार घालतानाचा फोटो चालणार नाही, म्हणून सांगत होते. बाईंनी ते सबंध ऐकले.

"मग ती जन्मभर तुम्हाला शिव्या का देत होती?"

"मला?"

"डॉक्टरनं खोटं लिहिलं म्हणून. तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही, अशी शपथ घातली होती मला."

पन्नास वर्षांनी का होईना, एक गोष्ट डॉक्टरांनाही नवी कळत होती.

"रस्त्यात मी दिसलो की ती पलीकडे जायची," ते सावकाश म्हणाले. "मला वाटायचं, लाज वाटत असेल. म्हणजे लोकांना दारू दिली, आणि तुला राग धरायला मी." ते किंचित हसले. "तिसरं काही तुझ्या मनातच येऊ नये म्हणून. हुशार बाई."

मग त्यांची नजर स्वतःच्या हातातल्या अर्जावर गेली. काळा मजकूर, निळी सही.

"आणि हे सगळं? शाई, फोटो, जळका दवाखाना?"

"हो."

"सहा खेपा."

"अजूनही घालायला लावल्या असत्या," बाई म्हणाल्या. खोटे बोलावेसे वाटेना.

त्या उठल्या, कपाटातून तळाचे रजिस्टर काढले आणि डॉक्टरांच्या बहिणीची नोंद जागच्या जागी उतरवून, सही-शिक्का करून त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी तारखेवर बोट ठेवून काही मोजले.

"शाळेत होतो मी तेव्हा," ते म्हणाले. "त्या दिवशी आई स्वतः न्यायला आली होती. मला वाटलं, लाड करतेय."

निघताना त्यांनी टेबलावरचा पिवळा फॉर्म पाहिला. बाईंनी तो रजिस्टराबरोबर आणून ठेवला होता, विजयाने पुढे सरकवण्यासाठी. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत वाचला, पेन मागून घेतले आणि सहीच्या जागी सही केली. शेपटी तशीच लांब, फक्त आता थरथरलेली.

"कारण तूच लिही. काय लिहायचं ते लिही. मी विचारायला येणार नाही."

जिन्यावर त्यांची पावले बराच वेळ ऐकू येत होती. बाईंना जाऊन हात धरावासा वाटला नाही. इतक्या वर्षांचा राग असा एका दुपारीत जात नाही, फक्त त्याला बसायला जागा उरत नाही. तो आईकडे वळला, मग त्या एकशे चाळीस पायऱ्या चढून जाणाऱ्या माणसाकडे, ज्याने चष्म्याखाली रुमाल अंथरायचे लक्षात ठेवले आणि घरात सात वर्षांची मुलगी आहे हे मात्र ठेवले नाही.

फॉर्म आणि उघडे रजिस्टर घेऊन त्या आपल्या टेबलाशी आल्या. ड्रॉवर उघडून डबी काढली, चष्मा काढून उजेडात धरला. इतक्या उंचावरून पडलेला चष्मा असा असतो का, हे हजारो मृत्यू नोंदवलेल्या बाईला कधी सुचले नव्हते. त्यांनी तो घडी करून डबीत ठेवला.

फॉर्म पुढे होता. आयुष्यभर हवी होती ती सही त्यावर होती आणि कारणाचा रकाना कोरा होता. 'हृदयक्रिया बंद पडून' लिहिले असते तर कुणी हरकत घेणार नव्हते. दारुड्याची मुलगी संध्याकाळपर्यंत सभ्य घरची झाली असती. खरे तेही लिहिता आले असते. बाईंनी काळ्या शाईचे पेन उघडले. समोर उघड्या रजिस्टरात आईचा शेरा दिसत होता. त्यांनी पेन मिटले.

"बाई, मिळाली का म्हाताऱ्याची नोंद?" भाऊंनी विचारले.

"त्यांची मिळाली."

मग बाईंनी रबरी शिक्का उचलला, ओल्या गादीवर नीट दाबला आणि स्वतःच्या फॉर्मवर, त्या कोऱ्या रकान्याच्या बरोबर मधोमध उमटवला. शोध घेतला. नोंद आढळली नाही.